अठ्ठाविशीतला स्टॉपर: अजून एक हंगाम खेळावं की मुलांचा संघ घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्यातल्या मांजलपूरचे, वय अठ्ठावीस, जागा स्टॉपरची, म्हणजे बचावफळीच्या मधल्या डिफेंडरची. आधी युनिव्हर्सिटीकडून खेळलात, मग गुजरातच्या लीगमध्ये, मध्ये एक हंगाम गोव्यात काढलात. पावसाळ्यापासून डावा गुडघा कुरकुरतोय. क्लबनं दोन पर्याय पुढे ठेवलेत: अजून एक हंगाम खेळा, नाहीतर पंधरा वर्षांखालच्या मुलांचा संघ सांभाळा. आणि शेवटी विचारलंय की डिफेंडर पुढे चांगले मॅनेजर होतात असं सगळे म्हणतात, त्यात किती तथ्य आहे?

मी स्वतः स्टॉपरच. रेल्वेच्या मैदानावर वाढलो, डिपार्टमेंटच्या संघांकडून खेळलो, आणि आता बरीच वर्षं बडोद्यातच मुलांना शिकवतो. कोचिंगचं बी लायसन्स आहे. तेव्हा जे सांगतो ते या एवढ्या अनुभवातून. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, ड्रेसिंग रूममधलं नव्हे.

मला तुमची खरी अडचण अशी दिसते. खेळणं संपलं की शिकवणं सुरू होतं, हे क्लबनं गृहीत धरलंय आणि तुम्हीही ते मान्य करून टाकलंय. आपल्याकडे बहुतेकांचं तसंच होतं. गुडघा गेला, क्लबनं यादीतून नाव वगळलं, की दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी. पण शिकवणं हे वेगळं काम आहे, त्यात तुम्ही पहिल्या दिवशी नवशिकेच असणार. आणि नवशिकेपणाचे ते दिवस खेळाडू म्हणून थोडं नाव आणि थोडं मानधन चालू असतानाच उरकून घेतलेले बरे. म्हणून माझं मत: मुलांचा संघ घ्या आणि खेळाडू म्हणूनही नोंदणी राहू द्या. सगळ्या मॅचेस खेळायच्या नाहीत, सगळ्या सरावांना जायचं नाही, हे क्लबशी आधी बोलून घ्या.

हे सगळं गुडघ्यावर अवलंबून आहे, ते मात्र आधीच सांगतो. नुसती सूज असेल तर एक गोष्ट, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) असेल तर दुसरी, लिगामेंट असेल तर तिसरी. 'कुरकुरतोय' या शब्दावर कोणीही निर्णय देऊ नये, मीसुद्धा. एमआरआय करा, आणि हाडांच्या डॉक्टरांबरोबरच खेळाडूंचं काम करणाऱ्या फिजिओलाही दाखवा. घरची परिस्थिती काय, दुसरी नोकरी आहे का, लग्न झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यानंही उत्तर बदलतं.

वयाची तितकी धास्ती नको. कडेनं पळणाऱ्या विंगरचा वेग गेला की त्याच्याकडे फारसं उरत नाही. स्टॉपर खेळ वाचण्यावर निभावून नेतो. इटलीच्या एसी मिलानचा डिफेंडर पाओलो माल्दिनी २००९ मध्ये थांबला तेव्हा चाळिशीत होता, आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग त्यानं अडतिसाव्या वर्षी जिंकली. आपल्याला ना ते मैदान ना तो फिजिओ, हे कबूल. तरी अठ्ठावीस म्हणजे स्टॉपरचं म्हातारपण नाही.

आता डिफेंडर आणि मॅनेजर. ही समजूत अर्धी खरी आहे. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं. फॉरवर्ड गोलकडे पाठ करून बॉल घेतो, मिडफिल्डरला चहूबाजूंनी घेरलेलं असतं, आपल्याला मात्र जवळजवळ सगळे खेळाडू नजरेच्या टप्प्यात असतात. शिवाय आपण सतत बोलत असतो. कोणाला मागे बोलवायचं, कोणाला पुढे ढकलायचं, कोणाचा माणूस मोकळा राहिलाय, हे ओरडणं म्हणजे एक प्रकारची कोचिंगच.

उदाहरणंही आहेत. डेरिक परेरा गोव्याच्या साळगावकरचा आणि भारताचा डिफेंडर. पुढे त्याच्या हाताखाली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, आणि २०१२-१३ मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आली. बालेवाडीला ज्यांनी त्या मॅचेस पाहिल्यात त्यांना तो संघ किती शिस्तीत उभा राहायचा ते आठवत असेल. सुब्रत भट्टाचार्य मोहन बागानचा स्टॉपर, उमेदीची सगळी वर्षं त्या एकाच क्लबात काढलेला माणूस. प्रशिक्षक म्हणून त्यानं १९९९-२००० आणि २००१-०२ अशा दोन नॅशनल लीग बागानला जिंकून दिल्या. महेश गवळी स्टॉपर म्हणून खेळला आणि नंतर राष्ट्रीय संघांच्या प्रशिक्षणात आला.

पण उलटी उदाहरणंही तेवढीच बोलकी आहेत. टोनी अॅडम्स आर्सेनलचा वर्षानुवर्षांचा कर्णधार, मैदानावर त्याच्यासारखी बॅकलाइन, म्हणजे डिफेंडरांची रांग, हलवणारा माणूस विरळा. २०१७ मध्ये त्यानं स्पेनमध्ये ग्रॅनाडाचा संघ हंगामाच्या शेवटी हाती घेतला आणि सातच्या सात मॅचेस हरला. संघ आधीच बुडायला आलेला होता, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारत नाही. मुद्दा एवढाच की मैदानावरचा आवाज टचलाइनपर्यंत, म्हणजे कडेला कोच उभा राहतो तिथपर्यंत, आपोआप पोचत नाही.

इंग्लंडचा जुना डिफेंडर गॅरेथ साउथगेट याची गोष्ट तुम्ही नीट वाचून काढा, तुमच्या कामाची आहे. २००६ मध्ये मिडल्सब्रोकडून खेळणं थांबवलं आणि त्याच क्लबचा मॅनेजर झाला; प्रो, म्हणजे कोचिंगचं सगळ्यात वरचं, लायसन्स नव्हतं, म्हणून लीगकडून खास सवलत घ्यावी लागली. २००९ मध्ये क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला आणि त्याच वर्षी त्याला काढलं. मग २०१३ ला तो इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालच्या मुलांकडे गेला, तिथं तीन वर्षं काढली, आणि २०१६ ला मोठ्या संघावर आला. त्यानंतर २०१८ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी आणि युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) लागोपाठ दोन अंतिम फेऱ्या. माणूस तोच. फरक पडला तो मधल्या वर्षांनी, आणि त्या वर्षांत त्याच्यासमोर तरुण पोरं होती.

जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप तर याहून बरा दाखला. जर्मनीतल्या माइन्झ क्लबात तो आधी फॉरवर्ड होता, नंतर डिफेन्समध्ये आला. फेब्रुवारी २००१ मध्ये संघ दुसऱ्या बुंडेसलीगातून (जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतून) खाली जायच्या बेतात असताना क्लबनं त्यालाच, म्हणजे चालू खेळाडूला, प्रशिक्षक केलं. तो संघ वाचला आणि २००४ मध्ये पहिल्यांदाच वरच्या बुंडेसलीगात गेला. लोक हा भाग सांगतात आणि थांबतात. क्लॉपनं खेळता खेळता फ्रँकफर्टच्या विद्यापीठात क्रीडाशास्त्राचा अभ्यास पुरा केला होता, हा भाग कोणी सांगत नाही. रातोरात नेमणूक झाली खरी, तयारी मात्र रातोरात झालेली नव्हती.

(जर्मनीचा महान डिफेंडर बेकेनबाउअर याचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून सांगून टाकतो. १९८४ ला पश्चिम जर्मनीचा संघ त्याच्याकडे दिला तेव्हा त्याच्याजवळ लायसन्स नव्हतं, म्हणून प्रशिक्षकाऐवजी 'टीमशेफ' (संघप्रमुख) असं पद काढलं. १९९० चा विश्वचषक त्यानं जिंकला. पण तो बेकेनबाउअर होता. आपल्यासाठी कोणी पद काढत नाही.)

आता तुम्ही मुलांसमोर उभे राहाल तेव्हा नेमकं काय होईल ते सांगतो, कारण इथेच स्टॉपर मंडळी अडखळतात. लाइन, म्हणजे चार बॅकची रांग, वर कधी न्यायची आणि खाली कधी पाडायची, हे तुम्हाला येतं. इतकं येतं की ते कसं येतं हे तुम्हाला सांगता येणार नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही 'स्टेप! स्टेप!' (वर चला) ओरडाल, चारपैकी दोन मुलं पुढे जातील, एक जागीच राहील, एक तुमच्याकडे बघत बसेल, आणि मागे राहिलेल्या त्या एकामुळे समोरचा फॉरवर्ड ऑनसाइड. गोल. तुम्ही त्या पोरावर चिडाल. त्याची चूक नाही. त्यानं तुमचा आवाज ऐकला, पण कशाकडे बघून तुम्ही ओरडलात हे त्याला कोणी दाखवलंच नाही.

त्याला दाखवायचं ते हे. बॉल ज्याच्या पायात आहे त्याच्याकडे बघ. त्याची आपल्याकडे पाठ आहे किंवा आपला माणूस त्याच्या अंगावर आहे, मान खाली गेलीय, बॉल पायापासून लांब सुटलाय, म्हणजे तो आत्ता लांब पास मारू शकत नाही: सगळे वर. तोच माणूस मोकळा आहे, मान वर आहे, मारायचा पाय मागे जायला लागलाय: सगळे खाली, आणि तो पाय बॉलला लागायच्या आधी. ऑफसाइड मोजला जातो तो पासच्या क्षणाला, आणि फॉरवर्ड आपल्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या (गोलकीपर धरून) रेषेत असला तरी तो ऑनसाइडच असतो. म्हणून लाइन चौघांची असते. तिघं बरोबर आणि एक चुकीचा म्हणजे लाइनच नाही.

हे शिकवायला मी असं करतो. अर्ध्या मैदानात चार बॅक आणि गोलकीपर उभे करतो. समोर दोन फॉरवर्ड. मध्यरेषेजवळ बॉल घेऊन मी स्वतः, आणि माझ्या अंगावर यायला एक मुलगा. पहिली दहा मिनिटं मी बॉल मारतच नाही. नुसता वळतो, मान वर करतो, खाली घालतो, बॉल पुढे सोडतो, परत ओढून घेतो. मुलांनी फक्त वर-खाली व्हायचं. आणि बोलायचं नाही. या शेवटच्या अटीला पालक हसतात, कारण डिफेन्सनं बोललं पाहिजे असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बोललंच पाहिजे, पण आधी दिसलं पाहिजे. आवाज बंद केला की प्रत्येकाला स्वतः बघावं लागतं. नाहीतर तीन मुलं त्या एका हुशार पोराच्या ओरडण्यावर हंगाम काढतात, आणि तो आजारी पडला की सगळं कोसळतं. मग मी बॉल मारायला लागतो, मग फॉरवर्ड पळायला लागतात, आणि अगदी शेवटी बोलायची मोकळीक देतो. त्या वेळी जो आवाज निघतो तो कामाचा असतो. बडोद्यात एक जादा काम असतं ते म्हणजे हाका ठरवून घ्यायच्या: घरी कोणी मराठी बोलतो, कोणी गुजराती, कोणी हिंदी. तीन भाषांत ओरडलं की अर्धा सेकंद जातोच. 'स्टेप' आणि 'ड्रॉप' (मागे या) या दोन हाकांवर सगळ्यांचं जमतं.

स्टॉपरच्या बाबतीत दुसरी भीती याहून मोठी आहे. आपण आयुष्यभर धोका कमी करत आलेलो असतो. बॉल अडकला की बाहेर मारायचा, शंका आली की बाहेर मारायचा. मोठ्या मॅचमध्ये ते शहाणपणाचंच. पण तेरा-चौदाच्या मुलाला तेच शिकवलंत तर तो सोळाव्या वर्षी बॉल पायात घ्यायला घाबरतो. बडोद्यातल्या कुठल्याही मुलांच्या मॅचला जा, टचलाइनवरून 'मार ना, बहार मार' हे दर मिनिटाला ऐकू येईल, आणि ओरडणारा कोच चौकशी केलीत तर बहुधा जुना बॅकच निघेल. आजचा स्टॉपर गोलकीपरकडून बॉल घेऊन खेळ सुरू करतो. तुमच्या मुलांनी सरावात असे पास चुकवले आणि त्यातून गोल खाल्ले, तर खाऊ द्या. हे पोटात घालणं स्टॉपरला फार जड जातं.

तसंच पुढच्या तीस मीटरचं. आपण आपल्या गोलसमोरचं सगळं जाणतो आणि समोरच्या गोलजवळ काय चालतं ते साठ मीटरवरून पाहिलेलं असतं. यावर एक साधा उपाय सांगतो, आजपासून करता येईल. तुमच्याच एखाद्या मॅचचं मोबाइलवरचं शूटिंग घ्या आणि त्यात स्वतःकडे अजिबात बघू नका. एका वेळी दहा मिनिटं फक्त डाव्या विंगरकडे बघा. तो बॉल येण्याआधी कुठं बघतो, बॅकच्या पाठीमागे कधी सटकतो, बॉल नसताना उभा का राहतो, हे वहीत लिहा. मग नऊ नंबर, म्हणजे मधला फॉरवर्ड. पहिल्या काही वेळा काहीच सुचणार नाही आणि डोळे पुन्हा पुन्हा आपल्या बॅकलाइनकडे जातील. ते थांबलं की समजा कोचची नजर यायला लागली.

लायसन्सचं सरळ आहे. आपल्याकडे डी, सी, बी, ए आणि वर प्रो अशी चढण आहे. डीला आत्ताच बसा, खेळत असताना बसता येतं. पायऱ्या सहसा गाळता येत नाहीत, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचं दाखवावं लागतं. म्हणूनच मुलांचा संघ हातात असणं महत्त्वाचं; नाहीतर कागद असतो आणि पुढचा अर्ज अडतो. जागा कमी आणि अर्ज जास्त असतात, तेव्हा राज्य संघटनेच्या सूचनांवर लक्ष ठेवा. सरकारी किंवा शाळेतली नोकरी डोक्यात असेल तर रस्ता थोडा वेगळा: पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा किंवा बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) तिथं जास्त उपयोगी पडतं. खेल महाकुंभ ही राज्य सरकारची क्रीडास्पर्धा २०१० पासून सुरू झाल्यावर गुजरातमधल्या शाळांना फुटबॉल शिकवणारे लागायला लागले, त्याआधी बडोद्यात क्रिकेट सोडून कोणाला कोच लागतो हेच लोकांना पटत नसे. हजारे, गायकवाड, मोरे, पठाण, पंड्या यांच्या गावात ते साहजिकच म्हणा.

पैशाबद्दल. मुलांच्या कोचिंगचे पैसे सुरुवातीला खेळण्याच्या मानधनापेक्षा कमी असतील, पण बारा महिने येण्याची शक्यता जास्त. खेळण्याचं आता कोणी सांगावं? २०२५ मध्ये आयएसएलचाच हंगाम लांबणीवर पडला आणि देशातले नावाजलेले खेळाडू घरी बसले. मग आपल्या पातळीवर काय होत असेल ते तुम्ही पाहताच आहात. जे ठरेल ते लेखी घ्या, महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे मिळणार हेही त्यात लिहून घ्या. एका क्लबनं आम्हाला हंगामभर 'होऊन जाईल' म्हणत ठेवलं होतं, ते पैसे आजतागायत झालेले नाहीत. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, हा मुद्दा तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी.

कोच व्हायचंच नाही असं कळलं तर तेही ठीक. माल्दिनी कधी प्रशिक्षक झाला नाही. मिलानमध्ये तांत्रिक संचालक म्हणून खेळाडू निवडण्याचं काम केलं आणि २०२१-२२ ची इटलीची लीग त्या संघानं जिंकली. क्लबमध्ये टीम मॅनेजर लागतो, ज्याला नोंदणी, तिकिटं, राहणं-खाणं, रेफ्रीचे कागद बघावे लागतात; चोख माणूस मिळत नाही म्हणून क्लब रडत असतात. स्टॉपरला बहुधा हेही जमतं.

रोजच्या गोष्टी दोन. आठवड्यातून तीन दिवस मुलं आणि दोन दिवस स्वतःचा सराव, याहून जास्त गुडघा सोसणार नाही. आणि मुलांबरोबर स्वतः मॅच खेळायचा मोह टाळा, सगळ्यात जास्त जुनी दुखणी तिथंच उलटतात: मुलगा दीड पट वेगानं अंगावर येतो आणि आपण गंमत म्हणून वॉर्म-अपशिवाय उतरलेले असतो. नवरात्रात संघ जमेल अशी आशा ठेवू नका. रात्री एकपर्यंत गरबा खेळलेलं पोरगं सकाळी सहाला आलंच, तर त्याला पळवू नका, बसवून व्हिडिओ दाखवा. मी तर ते नऊ दिवस सेट-पीसच्या (कॉर्नर, फ्री-किकच्या) फळ्यावरच काढतो.

तुमच्याकडून दोन गोष्टी कळल्या तर उत्तर आणखी नेमकं देता येईल. एमआरआयमध्ये काय आलं, आणि क्लबनं मुलांच्या संघासाठी मैदान किती वेळ द्यायचं कबूल केलंय. अर्धं मैदानही आठवड्यातून एकदा मिळणार नसेल तर वर सांगितलेला लाइनचा सराव होणार नाही, आणि मग क्लबशी पगाराआधी त्या एका तासाबद्दल बोला.